पासपोर्ट आधी, बाकीचं नंतर

पत्र:

बाई, सादर नमस्कार. मी सोलापूरची, घर जुळे सोलापुरात. वय २९, लग्न झालेलं नाही. पूर्व भागातल्या एका शाळेत पाच वर्षं गणित शिकवलं. विनाअनुदानित तुकडी, पगाराचा भरवसा नाही, म्हणून धीर करून मालदीवची नोकरी धरली. माझं बेट इतकं लहान आहे की एका टोकाला निघालं की बोलता बोलता दुसरं टोक येतं. येऊन चार महिने झाले. पगार वेळेवर होतो, पण रोज माझं काही ना काही बिघडतं.

पहिल्याच आठवड्यात फळ्यावर १२,५०,००० लिहिलं. एक मुलगा म्हणाला, "मिस, कॉमा चुकला." सगळा वर्ग हसला. पुढे "फोर इन्टू ट्वेल्व्ह" विचारलं तर अर्ध्या वर्गाने उत्तर ३ लिहिलं, मला ४८ हवं होतं. मुख्याध्यापक दारात उभे होते. एका मुलीच्या घरी चहाला गेले. समोसा म्हणून तोंडात घातला तर आत मासा. आमचं घर लिंगायत, मी आयुष्यात मासा खाल्लेला नाही. घास कागदात काढला. तिची आई बघत होती. त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही. एकदा राजधानीत, मालेला, बँकेच्या कामाला गेले, शुक्रवारी परतीची बोटच नाही. लॉजचे पैसे भरताना रडू आलं. इस्त्रीची पिन इथल्या बोर्डात बसत नाही, कपड्यांना बुरशी येते, पासपोर्ट आल्यापासून ऑफिसकडे आहे, मागितला की "पुढच्या आठवड्यात" म्हणतात. आईने दिलेला पितळी गणपती विमानतळावरच ठेवून घेतला.

आईला यातलं काही सांगत नाही. ती रोज संध्याकाळी फोनवर विचारते, जेवलीस का, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येणार ना. एक मुलगी मात्र रोज मधल्या सुट्टीत वही घेऊन येते, तेवढाच वेळ बरा जातो. मी चुकीच्या ठिकाणी आले का? सोडून यावं का?

उत्तर:

अगं, तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून एकेरीतच बोलते.

तुझ्या पत्रात समोशाला, बोटीला, कॉमाला भरपूर जागा आहे. आणि पासपोर्ट चार महिने ऑफिसकडे पडून आहे हे तू बुरशी आणि गणपती यांच्या मध्ये अर्ध्या ओळीत उरकलंस. माझा जीव त्या अर्ध्या ओळीत अडकला. बाकीचं सगळं निस्तरण्यासारखं आहे. हे आधी करायचं आहे.

वर्क परमिटच्या कागदपत्रांसाठी पासपोर्ट काही दिवस द्यावा लागतो, ते समजण्यासारखं आहे. पण भारताचा पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, तसं त्यात छापलेलंच असतं. नोकरी देणाऱ्याने तारण म्हणून कपाटात ठेवायची ती वस्तू नाही. आता तोंडी मागणं बंद कर. ऑफिसला चार ओळींचा ई-मेल टाक: अमुक तारखेला पासपोर्ट दिला, काम कुठवर आलं आहे, परत कोणत्या तारखेला मिळेल. प्रत मुख्याध्यापकांना पाठव. भाषा नरम ठेव, कारण बऱ्याचदा यामागे नुसता ढिसाळपणा असतो आणि तारीख लेखी मागितली की कपाट उघडतं. उघडलं नाही, तर मालेत आपलं उच्चायुक्तालय आहे, तिथे लिही. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे, त्यावरही तक्रार नोंदवता येते. तुझ्याकडे झेरॉक्स असेल तर पासपोर्टच्या पानांचे, व्हिसाचे आणि करारपत्राचे फोटो आजच घरी कुणाकडे तरी पाठवून ठेव. भाऊ असेल तर भावाकडे, नाहीतर शेजारच्या भरवशाच्या माणसाकडे. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण उद्यावर टाकण्यासारखंही नाही.

आता तुझा प्रश्न. सोडून यावं का? पासपोर्ट हातात आला आणि पगार आहे तसा होत राहिला, तर येऊ नकोस. करार पुरा कर. मध्येच आलीस तर नोटिशीचे पैसे, तिकिटाचे पैसे आणि पुन्हा त्याच तुकडीवर त्याच पगाराची वाट बघणं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण मी पैशासाठी थांब म्हणत नाही. तुझ्या पत्रात वर्ग हाताबाहेर गेल्याचं एकही लक्षण नाही. मुलं हसली, हे आहे. मुलं शिकत नाहीत, हे कुठेच नाही. उलट एक मुलगी सुट्टीतला खेळ सोडून वही घेऊन तुझ्याकडे येते. चार महिन्यांत एवढं झालं, हे मी थोडं मानत नाही.

कॉमाचं आणि 'इन्टू'चं बघू. आपण हजारानंतर दोन-दोन अंकांचे गट करतो, तिकडे शेवटपर्यंत तीन-तीनचे. तुझं १२,५०,००० ते १,२५०,००० असं लिहितात. आणि आपल्याकडे शाळेत 'चार इन्टू बारा' म्हणजे गुणाकार, तर त्यांच्या इंग्रजीत 'फोर इन्टू ट्वेल्व्ह' म्हणजे बारामध्ये चार किती वेळा जातात. ज्यांनी ३ लिहिलं त्यांनी तुझं नीट ऐकलं आणि तू बोललीस तेच केलं. असली पोरं मिळायला नशीब लागतं! येत्या रविवारी, तिकडचा आठवडा रविवारीच सुरू होतो, वर्गात गेल्यावर फळ्याचे दोन भाग कर. एका बाजूला सोलापुरात संख्या कशी लिहितात, दुसऱ्या बाजूला इथे कशी लिहितात. लाख आणि कोटी शिकव. ज्याने कॉमा पकडला त्यालाच खडू, नाहीतर मार्कर दे आणि दुसरी बाजू त्याच्याकडून भरून घे. पुढच्या तासापासून मात्र गुणाकाराला 'टाइम्स' म्हणायचं आणि कॉमा त्यांच्याच पद्धतीने द्यायचा, कारण मुलांना परीक्षा त्या पद्धतीने द्यायची आहे. मुख्याध्यापकांनाही हे स्वतःहून सांग, की आमच्याकडे असं शिकवतात, मी बदल केला आहे. दारात उभं राहून त्यांनी जे पाहिलं, त्याचा दुसरा अर्धा भाग त्यांना कळू दे.

एका गोष्टीचं मला खरंच वाईट वाटलं. पूर्व भागात पाच वर्षं शिकवलं असं तू लिहिलंस आणि ते पगाराच्या तक्रारीपुरतंच ठेवलंस. त्या वर्गातली किती लेकरं घरी तेलुगू बोलत होती, आठव. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, आजीला मराठी जेमतेम. तू प्रश्न मराठीत विचारायचीस, पोरगं मनात तेलुगूत मोजायचं आणि उत्तर पुन्हा मराठीत आणून द्यायचं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधली ती थोडीशी शांतता तुला ओळखता येते. येत नाही म्हणून गप्प बसलेलं मूल आणि शब्द शोधतंय म्हणून गप्प बसलेलं मूल, हा फरक ज्या शिक्षिकेला कळतो ती कुठल्याही देशात शिकवू शकते. तिथली मुलं घरी धिवेही बोलतात आणि गणित इंग्रजीत शिकतात. तीच शांतता आहे. तिथे घाईने दुसऱ्या मुलाकडे वळू नकोस, सोलापुरात थांबायचीस तशी थांब.

धिवेही थोडी शीक. त्यांची थाना लिपी उजवीकडून डावीकडे चालते. त्या एका दप्तरात एक वही आपल्या बाजूने उघडते आणि एक उलट बाजूने, म्हणजे त्या लेकराचा हात दिवसभरात दोन्ही दिशांना लिहितो. गणिताच्या बाईंनी हे लक्षात ठेवावं. बाराखडी शिकायला त्या सुट्टीत येणाऱ्या मुलीलाच गुरू कर. भैय्या चौकात आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, शाळेच्या सहलीत तू पोरांना नेलंही असशील. १९३८ साली चीनला गेलेल्या त्या डॉक्टरांनी तिथली भाषा शिकून घेतली आणि युद्धाच्या धामधुमीत त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं. सोलापूरच्या माणसाला हे जमतं. लहानपणापासून गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडलेली असते.

आता तो घास. तुझ्या सगळ्या पत्रात सर्वांत जास्त दुखलेलं हेच आहे, आणि इथे मी सविस्तर बोलणार आहे, कारण मी स्वतः अशाच एका बेटावर शिकवलं आहे आणि तिथल्या घरांतून जेवले आहे.

तू खाल्लंस ती बजिया. दिसायला समोसा, आत मासा, कांदा, मिरची. तिकडच्या चहाबरोबरच्या तिखट खाण्यात मासा नसलेला पदार्थ शोधावा लागतो. सकाळच्या न्याहारीला मस हुनी, म्हणजे टूना मासा, खवलेला नारळ, कांदा, मिरची आणि लिंबू हाताने कालवलेलं, सोबत रोशी. रोशी म्हणजे आपली पोळीच. रिहाकुरु नावाचा माशाचा आटवलेला काळपट गोळा असतो, तो चटणीत असतो आणि दिसत नाही. सुक्या माशाचा चुरा भाजीत पडतो. आणि 'मी मांस खात नाही' एवढंच सांगितलंस तर प्रेमाने मासा वाढतील, कारण त्यांच्या हिशेबात मासा हे रोजचं अन्न आहे. मांस वेगळं.

तू घास काढलास यात काहीच गैर नाही. घशाखाली उतरत नाही ते उतरत नाही. पण त्या बाईला कारण कळलेलं नाही. तिला एवढंच दिसलं की मुलीच्या शिक्षिकेने माझं केलेलं तोंडातून काढलं. ती लाजली असणार. तुला बोलावत नाहीत ते रागाने नव्हे, पुन्हा तुला काय द्यावं हे कळत नाही म्हणून, असं मी तिथल्या माणसांच्या ओळखीवरून सांगते. तेव्हा तू जा. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, उन्हं कलली की बायका झाडाखाली जोलीवर, म्हणजे दोरीच्या जाळीच्या खुर्चीवर, बसलेल्या असतात, तेव्हा जा. सलाम कर, बस. मुलीला मध्ये घेऊन सांग: आमच्या घरात मासा, मांस, अंडं कुणीच खात नाही, आजीपासून नाही. त्या दिवशी मला माहीत नव्हतं. तुम्ही मनापासून केलं होतं, मला फार वाईट वाटलं. एवढंच. पुन्हा पुन्हा माफी मागू नकोस, त्याने तीच अवघडते.

आणि काय खात नाही ते सांगून थांबू नकोस, काय खाते ते सांग. रोशी, नारळ, शेवग्याचा पाला, भोपळा, नीरफणस, केळी, पपई. हे सगळं तिथे मिळतं. माझ्या शेजारची बाई सकाळी मस हुनी करायची, तेव्हा खवलेला नारळ, बारीक चिरलेला कांदा आणि गिथेयो मिरस नावाची जाळ मिरची आधी मिठात चुरडायची. कांद्याला पाणी सुटेपर्यंत बोटांनी दाबत राहायची. लिंबू पिळलं की त्यातली एक वाटी काढून झाकण घालून माझ्यासाठी बाजूला ठेवायची आणि मगच मासा घालायची. हात धुतलेला, चमचा वेगळा. मी तिला एकदाच सांगितलं होतं. पुढे तिने एकाही सकाळी विसरून मासा आधी घातला नाही. गरम रोशीबरोबर त्या वाटीची चव आजही माझ्या जिभेवर आहे. तुझ्या बेटावरही अशी बाई आहे, तिला फक्त सांगायचं राहिलं आहे.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आईने शेंगाची चटणी दिली असणारच, सोलापूरची आई तिच्याशिवाय पोरीला घराबाहेर पाठवत नाही. घरात कुणाला शेंगदाण्याचा त्रास नाही ना, एवढं आधी विचार आणि रोशीबरोबर खायला दे. तिखटाची त्यांना सवय आहे.

बोटीचं थोडक्यात. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, बँका आणि कचेऱ्या रविवार ते गुरुवार, आणि सरकारी फेरी बोटी बऱ्याच मार्गांवर शुक्रवारी नसतात. मालेचं काम असेल तर रविवारी किंवा सोमवारी निघायचं, त्यासाठी रजा टाकावी लागली तरी चालेल. मे ते नोव्हेंबर नैऋत्येचा पाऊस असतो, समुद्र खवळला की ठरलेली बोटही रद्द होते, म्हणून हातात एक दिवस जास्तीचा आणि जवळ स्पीडबोटीपुरते पैसे ठेव. बेटावरची मालवाहू बोट कोणत्या वारी मालेला जाते हे दुकानदाराला माहीत असतं. आणि एकटी जाऊ नकोस. शाळेतल्या कुणाचं ना कुणाचं नातेवाईक मालेत राहतंच, आधी विचारलंस तर रात्रीची सोय घरातच होईल.

इस्त्रीला तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो, तिकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कपडे कपाटात दाबून ठेवू नकोस, फडक्यात खडू बांधून आत टांग, दमटपणा ओढला जातो. पाण्याचं तू लिहिलं नाहीस, पण कोरड्या महिन्यांत पावसाच्या पाण्याच्या टाक्या तळाला जातात, तेव्हा आधीपासून जपून वापर. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावातली तू, तुला साठवायला काय शिकवायचं!

गणपतीचं दुःख मला कळतं. आईच्या हातची वस्तू होती ती. पण तिथल्या कस्टमच्या नियमात पूजेच्या मूर्ती आणायला बंदी आहे, ती सगळ्यांना आहे, अधिकाऱ्याने तुझ्यावर डूख धरला असं मनात ठेवू नकोस. पावती मिळाली असेल तर सांभाळून ठेव आणि परत येताना विमानतळावर विचार. तोवर खोलीत डोळे मिटून नाव घ्यायला मूर्ती लागत नाही. आपल्या श्रद्धेचं प्रदर्शन तिथे करायचं नाही आणि शाळेत त्यावर वाद घालायचा नाही, एवढं पथ्य पाळ.

राहिली आई. तू तिला त्रास नको म्हणून लपवतेस, पण चार महिने रोज नुसतं "हो, जेवले" ऐकणाऱ्या आईला काय वाटत असेल? तुझा आवाज तिला कळतो. तिला काहीतरी सलतंय म्हणूनच ती गड्ड्याचं विचारते. मात्र सगळं गाठोडं एकदम सोडू नकोस. त्या बाईच्या घरी जाऊन आलीस की बजियाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग, तिच्या चटणीचं काय झालं त्यासकट. तिला दोन दिवस पुरेल एवढा विषय होईल. मग बोटीची. पासपोर्टचं आधी ज्याच्याकडे फोटो पाठवशील त्याला सांग, आईला तो हातात आल्यावर.

आणि तिला गड्ड्याला यायचं अंदाजाने हो म्हणू नकोस. संक्रांतीच्या सुमाराला तिथल्या शाळेला सुट्टी असते का आणि करारातली रजा किती हे तुलाच बघावं लागेल. रजेचं कलम आज वाच, जमत असेल तर अर्ज आत्ता टाक आणि तिकीट लवकर काढ. जमत नसेल तर आईला आत्ताच स्पष्ट सांग, डिसेंबरात नको, तोवर तिने गल्लीभर सांगितलेलं असेल. नंदीध्वज निघतात त्या दिवशी मिरवणूक तुमच्या ओळखीच्या कुणाच्या घरावरून जाते ते घरच्या कुणाला तरी विचार आणि त्यांच्या गच्चीवरून व्हिडिओ कॉल लावायला सांग. अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याच्या गर्दीत फोन लागत नाहीत. तुझं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, तेव्हा वेळ सोलापूरची ठरव आणि तो तास शाळेत आधीच मोकळा मागून ठेव.